घरी बांधावयाचे विमान आणि त्याचे किरकोळ सामान

विमान म्हटले की पंख, इंजिन आणि प्रोपेलर यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ही मोठी अंगे एकमेकांशी जोडून ठेवणाऱ्या हजारो लहान वस्तूंकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बोल्ट, नट, वॉशर, रिव्हेट, खिळ्या आणि बिजागऱ्या यांना व्यवहारात किरकोळ सामान म्हणतात. परंतु जो मनुष्य स्वतःच्या घरी विमान बांधावयास बसतो त्याला लवकरच असे आढळून येते की, पंख तयार आहे, इंजिनही आले आहे, आणि काम अडले आहे ते करंगळीच्या पेराएवढ्या एका बोल्टापायी. असा बोल्ट कसा ओळखावा, कोठे शोधावा आणि त्याच्या जागी दुसरा का बसवू नये, हे जाणणे हा विमानविद्येचाच एक भाग आहे.

घरी विमान बांधण्याची प्रथा

हौशी माणसांनी स्वतःच्या हातांनी विमान बांधण्याची प्रथा जुनी आहे. १९३० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांनी सामान्य कारागिराला बांधता येईल असे छोटे विमान तयार केले व त्याची कृती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये अशा बांधकऱ्यांची एक संघटना स्थापन केली. पुढे १९७० पासून ऑशकॉश या गावी तिचा वार्षिक मेळा भरू लागला. त्या देशातील नियम असा आहे की, विमानाच्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी बांधकऱ्याने शिक्षणासाठी अथवा विरंगुळ्यासाठी स्वतः केलेला असला पाहिजे. उरलेला भाग कारखान्यातून तयार आणता येतो. या सवलतीतूनच विमानाच्या सुट्या भागांचा संच, म्हणजे ‘किट’, विकण्याचा धंदा वाढला. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये ऑरेगन राज्यात सुरू केलेल्या कारखान्याच्या संचांतून आजवर दहा हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत.

भारतातही याची उदाहरणे आहेत. बंगळूर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८७ मध्ये उडविलेले हलके संशोधन-विमान हे बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझी’ या घरी बांधावयाच्या विमानाच्या आराखड्यावर आधारलेले होते. मुंबईच्या कांदिवली उपनगरात वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ मध्ये लोकांना पाहावयास मिळाले.

संच येतो तेव्हा

संच लाकडी खोक्यांतून येतो. त्यात कापलेले व भोके पाडलेले पत्रे, लांब पट्ट्या आणि क्रमांक घातलेल्या लहान पिशव्यांचा ढीग असतो. पहिले काम जोडणीचे नसून मोजणीचे असते. यादी पुढे ठेवून प्रत्येक पिशवी उघडावयाची, वस्तू मोजावयाच्या आणि खाने पाडलेल्या डब्यांत त्यांची मांडणी करावयाची. धातूच्या पत्र्याच्या एका दोन-आसनी विमानात दहा हजारांहून अधिक रिव्हेट लागतात. म्हणून ते एकेक न मोजता वजनावर विकले जातात.

एवढ्या सामानात तूट पडणे अपरिहार्य असते. काही वस्तू हातातून निसटून फरशीवर हरवतात. काही रिव्हेट ठोकताना वाकतात व ड्रिलने काढून टाकावे लागतात. कधी पत्र्यावर रंगाचा थर चढल्याने किंवा जोडपट्टी थोडी जाड निघाल्याने नकाशात सांगितलेला बोल्ट एका मापाने आखूड पडतो. अशा वेळी बांधकऱ्यास सुटे सामान शोधावे लागते, आणि खरी परीक्षा तेथे सुरू होते.

बोल्टाचे नाव कसे वाचावे

विमानाच्या बोल्टाला नाव असते आणि त्या नावातच त्याचे वर्णन असते. अमेरिकेच्या भूसेना व नौसेना यांनी मिळून जी मानके ठरविली त्यांना ‘एएन’ म्हणतात. उदाहरणार्थ, ‘एएन ३-५ए’ हे नाव घेऊ. पहिला आकडा ३ हा व्यास सांगतो : इंचाचे सोळा भाग केल्यास त्यांतील तीन. दुसरा आकडा ५ हा लांबी सांगतो : इंचाच्या आठ भागांपैकी सुमारे पाच. शेवटचा ‘ए’ असे सुचवितो की, बोल्टाच्या दांड्यात खिळी घालण्यासाठी भोक नाही.

येथे नवख्याची एक चूक ठरलेली असते. ‘एएन ३-१०ए’ म्हणजे इंचाचे दहा अष्टमांश असे त्याला वाटते. वास्तविक येथील १ हा पूर्ण इंच दाखवितो व ० हे वरचे अष्टमांश दाखविते. म्हणून ७ च्या पुढचा आकडा एकदम १० येतो. ८ आणि ९ या यादीत नाहीतच.

रिव्हेटांचीही अशीच भाषा आहे. ‘एएन ४७०एडी४-४’ यातील ४७० हा आकडा उंच गोल माथा दर्शवितो, तर ४२६ म्हणजे पत्र्यात बुडून सपाट बसणारा माथा. ‘एडी’ ही अक्षरे मिश्रधातूची आहेत. त्यानंतरचा ४ हा इंचाच्या बत्तीस भागांत व्यास देतो आणि अखेरचा ४ सोळा भागांत लांबी देतो. पिशवी फाटून रिव्हेट मिसळले, तरी धातू ओळखता येतो. ‘एडी’ रिव्हेटाच्या माथ्यावर मध्यभागी एक बारीक खळगा असतो. मऊ, शुद्ध ॲल्युमिनियमच्या रिव्हेटाचा माथा कोरा असतो. दोन्ही दिसावयास सारखे, परंतु बळाने फार भिन्न.

बाजारातील बोल्ट का चालत नाही

गल्लीतील लोखंडी सामानाच्या दुकानात त्याच जाडीचा बोल्ट थोड्या पैशांत मिळतो. मग तो का वापरू नये? याचे पहिले कारण पोलादाचे आहे. एएन बोल्टाचे पोलाद दर चौरस इंचास किमान १,२५,००० पौंडांचा ताण सोसते. त्याचबरोबर ते अतिकठीणही नसते. अतिकठीण पोलाद काचेसारखे एकाएकी तुटते, तर हे पोलाद तुटण्यापूर्वी थोडे वाकते. दुकानातील अनामिक बोल्टाविषयी यातील काहीच निश्चित सांगता येत नाही.

दुसरे कारण दांड्याचे आहे. विमानाच्या बोल्टाचा आटे नसलेला गुळगुळीत भाग जोडावयाच्या पत्र्यांच्या जाडीइतकाच असावा लागतो, कारण पत्र्यांचा कातरणारा भार त्या भागाने पेलावयाचा असतो. साध्या बोल्टाचे आटे बहुधा माथ्याजवळपर्यंत पोहोचतात. मग तो भार आट्यांवर येतो. आट्यांची तळची जाडी कमी असते आणि प्रत्येक आटा भोकाच्या कडेला कानशीप्रमाणे घासत राहतो.

तिसरे कारण गंजाचे आहे. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यांचा एक लहानसा विद्युत्घट बनतो व त्यांतील एक धातू झिजू लागतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात उघडे पोलाद बसविल्यास हेच घडते आणि समुद्रकाठच्या दमट हवेत ते लवकर घडते. म्हणून एएन बोल्टावर कॅडमियमचा मुलामा असतो. विद्युत्गुणाने कॅडमियम ॲल्युमिनियमच्या जवळचे असल्याने झीज मंदावते.

चौथे कारण सर्वांत फसवे आहे. एएन ३ बोल्टाचा व्यास सुमारे ४.८ मिलिमीटर असतो व त्यावर दर इंचास ३२ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतील अंतर ०.७९४ मिलिमीटर. भारतातील दुकानात मिळणाऱ्या ५ मिलिमीटरच्या मेट्रिक नटाचे अंतर ०.८ मिलिमीटर असते. फरक इतका सूक्ष्म की तो नट त्या बोल्टावर सहज चढतो. मात्र त्याची पकड उथळ राहते आणि ही उणीव डोळ्यांना दिसत नाही.

१९९० चा धडा

अशी उणीव किती महाग पडू शकते हे १० जून १९९० रोजी दिसून आले. त्या दिवशी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथून स्पेनमधील मालागाकडे एक प्रवासी विमान निघाले. त्याच्या पुढील खिडकीची काच सुमारे सत्तावीस तासांपूर्वी, रात्रपाळीत, बदलण्यात आली होती. काच बदलणाऱ्या अधिकाऱ्याने जुना बोल्ट हाती धरून त्याच्याशी नवे बोल्ट डोळ्यांनी जुळवून घेतले होते. योग्य माप कोणते, हे भांडारातील माणसाने सांगूनही माहितीपुस्तिका उघडून पाहिली गेली नाही.

विमान सुमारे १७,००० फुटांवर पोहोचताच काच उडाली व मुख्य वैमानिक अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टन येथे सुखरूप उतरविले. वैमानिकासह सर्वांचे प्राण वाचले. चौकशीत असे आढळले की, काचेच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास ०.०२६ इंचाने, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटरहूनही कमी अंतराने, लहान होता. उरलेले सहा आखूड होते. दोन्ही मापांच्या बोल्टांवर दर इंचास ३२ आटेच होते, आणि त्यामुळे लहान बोल्ट नटांत फिरले व बसल्यासारखे भासले. हे काम करणारा मनुष्य घरचा हौशी नव्हता, तर अनुभवी तंत्रज्ञ होता. यावरून डोळ्यांनी माप जुळविणे ही पद्धतच चुकीची आहे, हे स्पष्ट होते.

सामान शोधण्याची रीत

म्हणून सुटे सामान शोधताना हातातील वस्तूवरून शोध घेऊ नये, नकाशातील नावावरून घ्यावा. जुना बोल्ट मुळातच चुकीचा असू शकतो. नाव निश्चित झाल्यावर ते सामान संच देणाऱ्या कारखान्याकडून अथवा विमानाचेच सामान विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून मागवावे आणि त्यासोबत प्रमाणपत्र घ्यावे. चार आण्यांच्या वॉशरसाठी टपालखर्च अधिक होतो, म्हणून मुरलेला बांधकरी पुढच्या महिन्यांची गरज एकत्र मागवितो आणि नेहमी लागणाऱ्या मापांचे थोडे जादा सामान बाळगतो. बोल्टाच्या एक माप आखूड व एक माप लांब अशा जोड्या जवळ असल्या की बरेच अडथळे टळतात. शेजारच्या बांधकऱ्याकडूनही उसने घेता येते, मात्र मूळ चिठ्ठी असलेल्या पिशवीतूनच. चिठ्ठी हरवलेला बोल्ट म्हणजे अनोळखी बोल्ट.

बोल्ट किंचित लांब पडल्यास त्याखाली वॉशर घालता येतो, परंतु तीनांहून अधिक नाही. नट बसल्यावर बोल्टाचा निदान एक आटा बाहेर दिसला पाहिजे. नायलॉनचे कडे असलेला नट कंपनाने सैल होत नाही, पण तो बोटांनी फिरू लागला की टाकून द्यावा. इंजिनाजवळच्या उष्ण जागी तो वापरू नये, तेथे संपूर्ण धातूचा नट लागतो. ज्या सांध्यात बोल्ट स्वतः फिरण्याचा संभव आहे तेथे खाचांचा नट व त्यातून आरपार जाणारी दुपाखी खिळी हवी. ती खिळी एकदा काढली की पुन्हा वापरावयाची नसते.

जोरही मोजूनच लावावा लागतो. एएन ३ बोल्टावरील नायलॉनच्या नटास २० ते २५ इंच-पौंड एवढा पीळ पुरतो. दहा इंच लांबीच्या पान्याच्या टोकाशी हा जोर जेमतेम एक किलो वजनाइतका भरतो. बलवान हाताला तो नेहमीच अपुरा वाटतो, म्हणून मोजपट्टी असलेला पाना वापरतात.

शेवटी हरवलेल्या वस्तूविषयी. फरशीवर पडलेला नट सापडला नाही तर नवा घेता येतो. पण तो विमानाच्या पोटात पडला असेल, तर सापडेपर्यंत काम थांबविले पाहिजे, कारण तो सुकाणूच्या दांड्यात अडकू शकतो. पोलादी वस्तू दोरीला बांधलेल्या लोहचुंबकाने काढता येते. ॲल्युमिनियमचा रिव्हेट मात्र आरसा व दिवा घेऊनच शोधावा लागतो. याकरिता दिवसाच्या आरंभी डब्यातून किती नट घेतले आणि अखेरीस किती उरले याची नोंद वहीत ठेवतात.

ज्या नटास योग्य पीळ दिला गेला त्यावर बांधकरी रंगाची एक बारीक रेघ ओढतो. ती नटावरून बोल्टावर व तेथून पत्र्यावर जाते. नट पुढे कधी हलला तर रेघ तुटते आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ते चटकन ध्यानात येते. रेघ नसेल, तर त्या नटास अजून पाना लावावयाचा आहे असे समजतात.