चंबा : ताम्रपट, पितळ आणि पाणवठ्याच्या शिळा

रावी नदीच्या उजव्या तीरावर, साल या तिच्या उपनदीच्या संगमाजवळ, सुमारे एक हजार मीटर उंचीवर चंबा हे लहानसे नगर वसले आहे. डलहौसीस हवा पालटण्यासाठी गेलेला प्रवासी येथे एखादा दिवस येतो, चौगानाच्या हिरव्या मैदानात फेरफटका मारतो, लक्ष्मीनारायणाचे दर्शन घेतो, दुहेरी भरतकामाचा एक रुमाल विकत घेतो आणि परततो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. हिमालयाच्या पश्चिम भागात शिलालेख आणि ताम्रपट यांची इतकी अखंड मालिका जेथे हाती लागते, अशी स्थळे फार थोडी आहेत.

हे संस्थान १९४८ साली हिमाचल प्रदेशात विलीन झाले. तोपर्यंत तेथे एकाच राजवंशाची परंपरा मानली जात होती आणि त्या वंशाची एक संस्कृत वंशावळीही उपलब्ध आहे. अशा वंशावळ्यांविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या वृत्ती आढळतात : कोणी त्या शब्दशः खऱ्या मानतो, कोणी त्यांस भाटांची रचना म्हणून बाजूला सारतो. चंब्याच्या बाबतीत या दोहोंची गरज नाही, कारण वंशावळी ताडून पाहण्याचे साधन जागेवरच आहे. साल राजास काश्मीरच्या अनंताने पदच्युत केल्याचे कल्हण सांगतो. इकडे सोमवर्मा आपल्या ताम्रपटात स्वतःस सालवाहनाचा पुत्र म्हणवितो. याच घराण्यातील आसट इ. स. १०८७-८८ च्या हिवाळ्यात इतर डोंगरी राजांसह श्रीनगरास गेल्याची नोंद राजतरंगिणीत आहे आणि ताम्रपटांतही हे नाव येते. दोन परस्परनिरपेक्ष साधने अशी जुळली म्हणजे संशोधकास हायसे वाटते.

तथापि वंशावळी राजांपुरतीच बोलते. जे तिच्यात नाहीत, त्यांच्यासाठी नगराबाहेर पडावे लागते, आणि आमच्या मते तरी भरमौर आधी व चंबा मागाहून, हाच क्रम योग्य होय. इ. स. ९२० च्या सुमारास साहिलवर्म्याने चंबा वसविण्यापूर्वी राजधानी भरमौर येथे, म्हणजे प्राचीन ब्रह्मपुरात होती. चंब्याहून सुमारे साठ किलोमीटर हा डोंगरी रस्ता आहे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून तो काळ टाळावा. भरमौरच्या चौरासी प्रांगणातील लक्षणादेवीचे मंदिर बाहेरून अगदी साधे, उतरत्या छपराचे; पण त्याचे कोरीव लाकडी द्वार आणि आतील खांब पाहताना गुप्तकलेची उत्तरछाया स्पष्ट जाणवते. आत महिषमर्दिनीची पितळी मूर्ती आहे. तिच्या पीठावर मेरुवर्म्याचा लेख आहे. त्यात राजाच्या पूर्वजांबरोबर आणखी एक नाव येते : गुग्ग, मूर्ती घडविणारा कारागीर. वाटेवरील छत्राडी गावी शक्तिदेवीच्या मूर्तीवरही तेच नाव आहे. लेखांत कालनिर्देश नाही. लिपीवरून फोगेल यांनी ते सुमारे इ. स. ७०० चे ठरविले. ज्या देशात बहुतेक महान शिल्पे अनामिक राहिली, तेथे एका ओतकाम करणाऱ्याचे नाव राजाच्या नावाशेजारी बाराशेहून अधिक वर्षे टिकावे, ही लहान गोष्ट नव्हे.

चंबा नगरातील लक्ष्मीनारायणाची सहा शिखरमंदिरे एका ओळीत उभी आहेत. तीन वैष्णव, तीन शैव. शिखरांवरील लाकडी छत्रे हिमवर्षावापासून रक्षणासाठी आहेत. मंदिरांचे वर्णन अनेकांनी केले असल्याने येथे पुनरुक्ती नको.

खरे लक्ष द्यावयास हवे ते पाणवठ्याच्या शिळांकडे. चुराह आणि पांगी या भागांत झऱ्याच्या मुखाशी मोठाल्या कोरीव शिळा उभारण्याची रीत होती. त्यांवर वरुण, नद्यांच्या देवता इत्यादींच्या आकृती असतात आणि शारदा लिपीत लेख असतो. त्या उभारल्या मुख्यतः स्थानिक राणांनी, म्हणजे छोट्या मांडलिकांनी, आणि बहुधा मृताच्या पुण्यार्थ. महाराष्ट्रातील वाचकास येथे वीरगळ आठवेल. पण वीरगळ नुसता स्मरणाचा, ही शिळा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याची तहानही भागविते. शास्त्र संवतात शतकाचे आकडे गाळण्याचा प्रघात असल्याने नुसत्या संवताने काम भागत नाही, राज्यवर्षाची जोड लागते. देवी-री-कोठी येथील लेख ललितवर्म्याच्या सतराव्या वर्षाचा, इ. स. ११५९ चा; पांगीतील साल्ही येथील सत्ताविसाव्या वर्षाचा, इ. स. ११७० चा. म्हणजे दोन दूरच्या झऱ्यांनी मिळून एका राजाचे राज्यारोहण ११४३ च्या सुमारास निश्चित केले!

देवी-री-कोठीचा लेख मजकुराच्या दृष्टीनेही विलक्षण आहे. राजानक नागपालाची माता बाल्हा पतीबरोबर सहगमन करण्यास निघाली असता मुलांनी तिला रोखले. पुढे व्रतोपवासांनी देह कृश करीत तिने मुले वाढविली, दीनांवर दया केली, आणि पतीच्या सद्गतीसाठी हे पाण्याचे टाके बांधविले. सहगमनाचा गौरव करणारे लेख पुष्कळ आहेत. जगलेल्या विधवेचा एवढ्या आदराने उल्लेख करणारा लेख विरळा. नगरात पाण्यासाठी आत्मबलिदान करणाऱ्या राणीची कथा सर्वतोमुखी आहे, सूही राणीची जत्राही भरते. ती कथा परंपरेची आहे. बाल्हेचे वृत्त समकालीन लेखाचे आहे, तरी तिच्या नावाची जत्रा नाही.

अशा शिळांपैकी कित्येक आता भूरीसिंह संग्रहालयात ठेवल्या आहेत. १९०८ साली हे संग्रहालय उघडले, त्यामागे फोगेल यांची प्रेरणा होती. त्यांनी चंब्याच्या पुरावशेषांवरील ग्रंथाचा पहिला भाग १९११ साली प्रसिद्ध केला आणि मध्ययुगीन व उत्तरकालीन लेखांचा दुसरा भाग बहादुरचंद छाब्रा यांनी १९५७ साली पूर्ण केला. हिमतुषार आणि वाहते पाणी यांनी अक्षरे झिजतात, म्हणून शिळा हलविणे समर्थनीयच होते. परंतु भिंतीशी टेकलेली शिळा वाचताना तिच्या तळाशी असलेल्या छिद्राचे प्रयोजन चटकन ध्यानी येत नाही. म्हणून संग्रहालयात लेख वाचून झाल्यावर चुराहच्या एखाद्या गावातील चालू पाणवठा अवश्य पाहावा. तेथे त्या छिद्रातून पाणी पडते आणि बायका घागरी भरीत असतात.