हजार यार्डांसाठी घडवलेलं काडतूस

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात बिसली नावाचं गाव आहे. ब्रिटनची नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ साली स्थापन झाली. सुरुवातीला तिच्या स्पर्धा विम्बल्डनच्या माळावर व्हायच्या, १८९०पासून त्या बिसलीला होतात. राष्ट्रकुलातल्या देशांचे संघ तिथे ज्या मानाच्या चषकांसाठी उतरतात, त्यातला एक आहे कोल्हापूरच्या राजांनी दिलेला चषक, १८७१पासूनचा. छत्रपती राजाराम महाराज १८७०मध्ये इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ऐन तारुण्यात वारले. आर्नो नदीकाठी त्यांचं दहन झालं. तिथली छत्री पाहायला मराठी पर्यटक आवर्जून जातात. राजाराम महाराजांच्या संस्थानाचं नाव बिसलीत दर उन्हाळ्यात पुकारलं जातं, हे मात्र कोल्हापुरातही फारसं कुणाला ठाऊक नसतं.

कोल्हापूर चषकाची नेमबाजी ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर होते. त्याच आवारात स्टिकलडाउन नावाची दुसरी रेंज आहे, तिची लांबी १२०० यार्डांपर्यंत जाते. या लेखाचा विषय तिथला आहे. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. इतक्या अंतरावर गोळी पोचायला साधारण दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात ती पंचवीस फुटांहून जास्त खाली येते. पण त्याची फिकीर कुणी करत नाही. गुरुत्वाकर्षण रोज सारखंच असतं; दुर्बिणीवरची चकती हिशेबाने फिरवली की काम झालं. खरी डोकेदुखी वाऱ्याची. तो नेमबाजापाशी एक असतो, मध्यावर दुसरा आणि लक्ष्यापाशी तिसरा. कोणत्या आकाराची गोळी त्याला कमीत कमी दाद देईल, या विचारातूनच माणसं दुकानात न मिळणारी काडतुसं घडवायला लागली.

अशा काडतुसांना नेमबाजांच्या जगात ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. अमेरिकेत काडतुसांची मापं आणि दाबाच्या मर्यादा ‘सामी’ ही उद्योगसंस्था ठरवते, युरोपात ‘सीआयपी’. या दोघांच्या वहीत ज्याची नोंद नाही आणि जे कुठलाही कारखाना भरून विकत नाही, ते वाइल्डकॅट. ते शून्यातून तयार होत नाही. आधी एखादी चांगली पितळी पुंगळी मूळ म्हणून धरायची. मग तिची मान आवळून लहान व्यासाच्या गोळीसाठी करायची, किंवा रुंद करून मोठ्या गोळीसाठी. कधी पुंगळी आखूड करतात, कधी तिचा खांदा पुढे ढकलून कोन तीव्र करतात. या शेवटच्या प्रकारात पितळेला नवा आकार प्रत्यक्ष बार काढूनच मिळतो: नव्या मापाच्या चेंबरमध्ये जुन्या आकाराचं काडतूस उडवलं की दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते आणि तशीच राहते.

या खटाटोपाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यात विक्षिप्त माणसांची वाण नाही. अमेरिकन बंदूक-कारागीर पी. ओ. अ‍ॅक्ली यांचं नाव त्यात सगळ्यात मोठं. जुन्या काडतुसांच्या भिंती सरळ करून, खांदा ४० अंशांचा करून त्यांनी ‘इंप्रूव्ह्ड’ काडतुसांची मालिकाच तयार केली. त्यांचंच एक अपत्य हत्तीच्या शिकारीच्या तोलाच्या .३७८ वेदर्बी मॅग्नमची पुंगळी आवळून .२२ व्यासावर आणलेलं होतं. सेकंदाला ५,००० फूट वेग गाठायचा, एवढाच हेतू. वेग ४,६००च्या आसपास अडला. अ‍ॅक्लींनी त्याला कान फाटतील अशा अर्थाचं जर्मन वळणाचं थट्टेखोर नाव दिलं होतं, यावरून ते स्वतः त्याला किती गंभीरपणे घेत होते ते कळतं. पुंगळीत जास्त दारू कोंबली म्हणजे काडतूस सुधारलं, या समजुतीला मिळालेलं ते उत्तम उत्तर होतं.

खऱ्या अर्थाने यशस्वी ठरलेली वाइल्डकॅट पुढे वाइल्डकॅट राहिली नाहीत. .२२-२५० कित्येक दशकं हौशी कारागिरांकडे होतं. १९६५ साली रेमिंग्टनने ते कारखान्यात आणलं. .२५-०६चं तेच झालं, १९६९ साली. सगळ्यात सुरस कहाणी आहे ६ मिमी पीपीसीची. लुई पाल्मिसानो हे रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद, फेरिस पिंडेल हे हत्यारं-साचे घडवणारे कारागीर. १९७०च्या दशकाच्या मध्यात या दोघांनी .२२० रशियन ही पुंगळी हाताशी धरली. ती स्वतः कलाश्निकोव्हच्या ७.६२ x ३९ काडतुसापासून निघालेली. म्हणजे लढाईत धडाधड उडवायला बनवलेल्या काडतुसाच्या वंशात जगातल्या सर्वांत अचूक काडतुसांपैकी एक जन्माला आलं. आखूड, जाड दारूचा खांब आणि लहान प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) एवढ्या बळावर त्याने जवळच्या अंतरावरच्या बेंचरेस्ट, म्हणजे मेजावर रायफल टेकवून खेळायच्या, स्पर्धा काबीज केल्या. हजार यार्डांचं ते काडतूस नव्हे. पण ताकदीपेक्षा सारखेपणा मोठा हा त्याचा धडा लांब पल्ल्याच्या लोकांनीही घेतला.

आता लांब पल्ल्याकडे. वाइल्डकॅट कुठेही चालतं असं नाही. पाल्मा ही १८७६पासूनची जुनी स्पर्धा ठरावीक काडतुसावरच होते. कॅनडात जॉर्ज ‘फार्की’ फार्कहारसन यांनी वय झालेल्या नेमबाजांसाठी एक प्रकार सुरू केला. ज्यांची नजर साध्या माशीवर बसत नाही, ज्यांना पट्टा आवळून झोपणं झेपत नाही, त्यांना दुर्बीण आणि आधार वापरू द्यायचा. त्यांच्याच नावाचं आद्याक्षर घेऊन तो प्रकार ‘एफ-क्लास’ झाला, आणि आज त्यात तरुणांचीही गर्दी आहे. त्याच्या दोन शाखा आहेत. एफ-टीआरमध्ये फक्त .२२३ रेमिंग्टन किंवा .३०८ विंचेस्टर चालतं. तिथे वाइल्डकॅटला दार बंद. एफ-ओपनमध्ये रायफलचं वजन दुर्बिणीसह १० किलोपर्यंत आणि काडतूस जवळजवळ मोकळं. निवडीचा प्रश्न येतो तो इथेच.

हजार यार्डांवरच्या या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १० इंचांचं आणि त्यातलं सर्वांत आतलं ५ इंचांचं. ताशी दहा मैलांचा आडवा वारा .३०८च्या १५५ ग्रेन (ग्रेन हे गोळी आणि दारू तोलायचं माप) गोळीला तिथे साधारण ८५ इंच बाजूला नेतो. ६ मिमीची लांबट १०५ ग्रेन गोळी ७० इंचांच्या आसपास सरकते, ७ मिमीची १८० ग्रेन गोळी ५५च्या आसपास. आता समजा, नेमबाजाचा वाऱ्याचा अंदाज एका मैलाने चुकला. .३०८वाल्याचा नेम साडेआठ इंच हलला, तो दहाच्या वर्तुळातून पार बाहेर गेला. ७ मिमीवाल्याचा साडेपाच इंच हलला, तो वर्तुळाच्या काठावर राहिला. सगळी स्पर्धा या तीन इंचांत आहे. म्हणून निवड पुंगळीपासून करायची नसते. आधी वारा कापणारी लांब, निमुळती गोळी ठरवायची, मग तिला पुरेसा वेग देणारी सर्वांत लहान पुंगळी शोधायची. नवशिका नेमका उलट जातो. त्याला पुंगळीच्या आकाराची मोहिनी पडते.

मग ७ मिमीपेक्षाही मोठी, .३० व्यासाची २१५-२३० ग्रेनची गोळी का नको? वापरतात; .३०० डब्ल्यूएसएमच्या घराण्यातल्या पुंगळ्या घेऊन काही जण जिंकतातही. पण धक्का वाढतो. दहा किलोची रायफल पुढच्या आधारावरून सरळ रेषेत मागे यायला हवी. धक्क्याने ती जराशी वळली की वाऱ्यावर मिळवलेलं तिथे गमावलं. शिवाय दिवसभरात वीस-वीस गोळ्यांच्या तीन फेऱ्या झाल्यावर माणसाचा खांदा प्रामाणिक राहत नाही.

दुसऱ्या टोकाला ६.५-२८४. हजार यार्डांवर अनेक वर्षं त्याचाच बोलबाला होता. वाइल्डकॅट म्हणून सुरू झालेलं हे काडतूस स्वीडनच्या नॉर्मा कंपनीने १९९९ साली सीआयपीमध्ये नोंदवून अधिकृत केलं. वेग छान, धक्का माफक, गोळ्या उत्तम. खोट एकच: लहान भोकातून बरीच दारू जळते आणि नळीचा गळा भाजून निघतो. हजार गोळ्यांच्या आसपास नळीची अचूकता उतरायला लागते. गोळी नळीतून जायला दीड-दोन मिलिसेकंद लागतात, म्हणजे एवढ्या महागड्या नळीचं प्रत्यक्ष कामाचं आयुष्य दोन सेकंदांपेक्षा कमी भरतं! मन लावून सराव करणारा माणूस एका हंगामात ती संपवतो.

या दोन टोकांच्या मध्ये .२८४ विंचेस्टर येतं. विंचेस्टरने १९६३ साली ते आणलं ते शिकाऱ्यांसाठी, मॉडेल ८८ आणि मॉडेल १०० या आपल्या आखूड रायफलींकरता. आखूड पुंगळीत जास्त दारू मावावी म्हणून तिचं अंग जाड केलं, पण बूड मात्र .३०-०६ एवढंच ठेवलं, म्हणजे नेहमीचा बोल्ट चालावा. बाजारात ते सपशेल पडलं. रायफली बंद झाल्या, काडतूस विस्मरणात गेलं. आणि चाळीसेक वर्षांनी एफ-ओपनवाल्यांना कळलं की जड ७ मिमी गोळीला हवा तेवढाच वेग देणारी, सौम्य, नळीला दोन हजारांच्या पुढे आयुष्य देणारी पुंगळी आयती पडून आहे. चांगलं पितळ मिळेना, तेव्हा ते फिनलंडच्या लापुआ कंपनीच्या ६.५-२८४ पुंगळ्यांची मान रुंद करून वापरायला लागले. गंमत अशी की ६.५-२८४ हे मुळात .२८४ची मान आवळूनच जन्मलेलं. नातवाकडून आजोबांनी सदरा उसना घ्यावा तसा प्रकार झाला.

त्यावरचं वाइल्डकॅट म्हणजे .२८४ शिहेन. खांदा होता तिथेच, अंग मात्र किंचित फुगवून भिंती सरळ केल्या. आत दोन-तीन ग्रेन जास्त जागा मिळाली. साधं .२८४ शिहेनच्या चेंबरमध्ये उडवलं की पुंगळी तयार, तीही स्पर्धेच्या सरावातच. मला वाइल्डकॅटमधला हा प्रकार सर्वांत शहाणपणाचा वाटतो. बदल थोडा, मूळ पुंगळी भक्कम, आणि मिळालेली जागा वेग वाढवायला न वापरता तोच वेग कमी दाबात मिळवायला वापरता येते.

कारण शेवटी वेगापेक्षा वेगातला सारखेपणा महत्त्वाचा. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला तरी हजार यार्डांवर उभ्या रेषेत अडीच-तीन इंचांचं अंतर पडतं, म्हणजे आतल्या वर्तुळाचा अर्धा व्यास गेला. तो फरक आटोक्यात ठेवतं ते पितळ. पुंगळ्यांचं वजन, आतली जागा, मानेची जाडी, प्रायमरचं छिद्र सगळं जुळायला हवं. ६ मिमी डॅशरला एवढी कीर्ती मिळाली त्यामागेही हेच आहे. ६ मिमी बीआरच्या पुंगळीचा खांदा सुमारे एक दशांश इंच पुढे सरकवून ४० अंशांचा केला की डॅशर होतं. ६०० यार्डांच्या बेंचरेस्टमध्ये त्याने धुमाकूळ घातला तो मूळ पितळ अव्वल होतं म्हणून. हजार यार्डांवर वारा खवळला की मात्र १०५ ग्रेनची गोळी ७ मिमीपुढे कमी पडते.

पैशांचं आणि धोक्याचंही बोलायला हवं. वाइल्डकॅटसाठी चेंबर कोरणारा रीमर मापाने घडवून घ्यावा लागतो, त्याला जुळणारे, पुंगळीला आकार देणारे डाय वेगळे, आणि दोन्ही हातात यायला महिने लागू शकतात. कारखान्याचं तयार काडतूस नसतं. परगावी स्पर्धेला जाताना सामानाची पेटी हरवली तर माणूस प्रेक्षक होतो. छापील दाबाचे आकडे नसल्याने दुसऱ्याच्या तोंडी ऐकलेलं प्रमाण आपल्या नळीत चालेल याची खात्री नाही. दोन रीमर एकाच नावाचे असूनही गळ्याची लांबी वेगळी असू शकते आणि दाब उसळू शकतो. हे काम अनुभवी कारागिराच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

आणि वाइल्डकॅटची कारखान्याच्या काडतुसांशी स्पर्धाही सोपी राहिलेली नाही. हॉर्नेडीने २००७ साली आणलेलं ६.५ क्रीडमूर पहिल्या दिवसापासून कारखान्याचं, सामीच्या वहीतलं. त्याचं नाव न्यूयॉर्कजवळच्या ज्या क्रीडमूर रेंजवरून आलं, तिथे १८७४ साली अमेरिका आणि आयर्लंडचे संघ ८००, ९०० आणि १००० यार्डांवर लढले होते. पूर्वी जे मिळवायला वाइल्डकॅट करावं लागे, त्यातलं बरंच काही आता खोक्यातून विकत मिळतं.

आपल्याकडे हा खेळ लांबूनच पाहण्याचा. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा घरी पुंगळ्यांना आकार देण्याचा विचारही नको. आपले विक्रमवीर वेगळ्या वाटेचे आहेत: २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसळे, दोघंही कोल्हापूरचे. त्यांचं .२२ रिमफायर काडतूस पुन्हा भरता येत नाही. एकाच कारखान्यातून आलेल्या वेगवेगळ्या लॉटपैकी आपल्या नळीला कोणता मानवतो, ते चाचणी घेऊन शोधायचं आणि तोच साठा घ्यायचा. सारखेपणाचा शोध तोच, फक्त घडवण्याऐवजी निवडण्याचा.

परदेशी राहणाऱ्या, तिथल्या क्लबात परवान्याने नेमबाजी करणाऱ्या आणि एफ-ओपनकडे वळू पाहणाऱ्या मराठी वाचकाला माझं सांगणं असं: पहिली नळी साध्या .२८४ विंचेस्टरची घ्या आणि पैसे गोळ्या व सरावावर घाला. ती नळी संपेपर्यंत वारा वाचता येऊ लागला, तर दुसरी शिहेनची करायला हरकत नाही. त्याच्या पलीकडची वाइल्डकॅट बहुतेकांना लागत नाहीत.