विश्लेषण : नदी एक, पालिका अनेक... उल्हास खोऱ्यातील शहरे एकत्र नियोजन का करत नाहीत?

एका शहराचे सांडपाणी उल्हास नदीत मिसळते आणि तिथून काही अंतरावर दुसरे शहर पिण्यासाठी पाणी उचलते. पाऊस रायगड जिल्ह्यात पडतो आणि पूर ठाणे जिल्ह्यातल्या घरांत शिरतो. शेजारच्या शहरांनी पाणी, कचरा, रस्ते यांचे नियोजन एकत्र करावे, असे राज्यघटनेतच लिहिलेले आहे. त्यासाठी कायदा आहे, समितीची तरतूद आहे, निधीचे मार्गही आहेत. तरीही प्रत्येक पालिकेचा आराखडा आपल्या हद्दीपाशी थांबतो. असे का होते, आणि जिथे शहरे एकत्र आली तिथे काय घडले, याविषयी...

प्रश्न नेमका काय आहे?

उल्हास नदी लोणावळ्याजवळच्या राजमाची डोंगर परिसरात उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करत ती कल्याणपाशी येते आणि पुढे खाडीला मिळते. या वाटेवर अनेक यंत्रणा तिचे पाणी उचलतात. बदलापूरच्या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण अंबरनाथ आणि बदलापूरला पाणी देते. जांभूळ येथून एमआयडीसी, मोहने येथून कल्याण-डोंबिवली महापालिका, तर शहाड येथून ‘स्टेम’ ही कंपनी पाणी घेते. उन्हाळ्यात नदी वाहती राहते ती मुख्यतः एमआयडीसीच्या बारवी धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे.

याच पट्ट्यात उल्हासनगरचा खेमानी नाला, तसेच म्हारळ, वरप, कांबा या गावांचे सांडपाणी नदीला मिळते. उन्हाळ्यात साचणारी जलपर्णी हे त्याचे डोळ्यांना दिसणारे लक्षण. पण ती काढायची कोणी? पाणी उचलणाऱ्याने, सांडपाणी सोडणाऱ्याने की जलसंपदा विभागाने? प्रत्येकाकडे आपल्यापुरते उत्तर असते. संपूर्ण नदीची जबाबदारी मात्र कोणत्याही एका पालिकेकडे नाही.

पुराने काय दाखवून दिले?

२६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईबरोबरच बदलापूर, अंबरनाथ, कल्याण या भागांनाही मोठा फटका बसला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर ते वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि एक हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. दोन्ही वेळा पाणी वरच्या खोऱ्यातून आले होते.

पूररेषा आखते जलसंपदा विभाग, विकास आराखड्यात ती दाखवते पालिका, तिथली बांधकाम परवानगी देते संबंधित नियोजन प्राधिकरण. वरच्या अंगाला नदीकाठी भराव टाकला, तर त्याचा परिणाम खालच्या शहराला भोगावा लागतो. मात्र वरच्या पालिकेच्या आराखड्यावर बोलण्यासाठी खालच्या शहराला सामान्य नागरिकाप्रमाणे हरकत नोंदवण्यापलीकडे फारसा मार्ग उरत नाही.

कायदा काय सांगतो?

७४ वी घटनादुरुस्ती १९९२ मध्ये मंजूर झाली आणि १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यामुळे घटनेत आलेल्या अनुच्छेद २४३-झेडई नुसार प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी ‘महानगर नियोजन समिती’ असायला हवी. दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येचा, दोन किंवा अधिक पालिका वा पंचायती मिळून बनलेला आणि राज्यपालांनी तसा अधिसूचित केलेला भाग म्हणजे महानगर क्षेत्र.

या समितीने काय करायचे, हेही घटनेने स्पष्ट केले आहे :

• पालिका आणि पंचायतींचे आराखडे विचारात घेऊन संपूर्ण क्षेत्राचा विकास आराखडा तयार करणे
• जमीन वापराचे समन्वयित नियोजन
• पाणी आणि इतर नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी
• पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास आणि पर्यावरण संवर्धन

समितीचे किमान दोनतृतीयांश सदस्य हे पालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडायचे असतात. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. याशिवाय १९४९ चा महापालिका कायदा आणि १९६५ चा नगर परिषद कायदा यांतही शेजारच्या स्थानिक संस्थांबरोबर मिळून काम करण्याची मुभा आहे. म्हणजे कायद्याचा अडसर नाही.

मग समिती अडते कुठे?

पहिली अडचण सदस्यांची. समितीत नगरसेवकांनी नगरसेवकांना निवडून पाठवायचे असते. मुंबई महानगर प्रदेशातील बहुतेक पालिकांची मुदत २०२० ते २०२२ दरम्यान संपली. आधी करोना, मग प्रभाग रचना आणि ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद यांमुळे निवडणुका लांबल्या. तिथे अनेक वर्षे प्रशासकांचा कारभार राहिला. नगरसेवकच नसतील तर त्यांचे प्रतिनिधी समितीत येणार कुठून?

दुसरी अडचण पैशांची. समिती आराखडा करू शकते, पण तिच्या हाती स्वतःचा मोठा निधी नाही आणि पालिकांनी अंदाजपत्रकात काय धरावे, हे ती ठरवत नाही. आराखड्यात नदीसाठी प्रकल्प लिहिला आणि एकाही पालिकेने तरतूद केली नाही, तर तो कागदावरच राहतो.

एमएमआरडीए असताना वेगळ्या समितीची गरज काय?

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजेच एमएमआरडीए, १९७५ मध्ये स्थापन झाले. २०१९ च्या विस्तारानंतर त्याचे क्षेत्र सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर झाले असून त्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका येतात. प्रादेशिक योजना तयार करणे, मेट्रो आणि उड्डाणपूल बांधणे ही कामे ते करते. त्याच्या अध्यक्षपदी राज्याचे नगरविकास मंत्री असतात.

फरक इथेच आहे. एमएमआरडीए ही राज्य शासनाची यंत्रणा आहे, तर महानगर नियोजन समिती हे शहरांनी स्वतः एकत्र बसण्याचे व्यासपीठ आहे. एमएमआरडीए मोठा प्रकल्प उभारू शकते. उल्हासनगरच्या नाल्याचा खर्च कल्याणने किती उचलावा, यावरची तडजोड मात्र त्या दोन शहरांच्या लोकप्रतिनिधींनाच करावी लागते.

जिल्हा नियोजन समित्या आहेत आणि त्यांच्या बैठकाही होतात. परंतु त्यांचे काम जिल्ह्यापुरते असते. उल्हास नदी रायगड आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांतून वाहते.

नियम एक झाले, त्याने काय बदलले?

पूर्वी प्रत्येक शहराची विकास नियंत्रण नियमावली वेगळी होती. रस्त्याच्या एका बाजूला एक चटई क्षेत्र निर्देशांक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, अशी स्थिती असायची. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजेच ‘यूडीसीपीआर’, लागू केली. बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. त्यामुळे बांधकामाची भाषा एक झाली. पण किती इमारती उभ्या राहिल्यावर नदीतून किती पाणी लागेल आणि किती सांडपाणी परत येईल, याचा एकत्रित हिशेब नियमावली करत नाही. ते नियोजनाचे काम आहे.

निधीचा संबंध कसा येतो?

पंधराव्या वित्त आयोगाने या प्रश्नावर पैशांच्या मार्गाने उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. २०२१ ते २०२६ या काळात नागरी स्थानिक संस्थांसाठी सुमारे १ लाख २१ हजार कोटी रुपयांची शिफारस होती. त्यातले ३८,१९६ कोटी रुपये दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या ५० शहरे व नागरी समूहांसाठी ‘चॅलेंज फंड’ म्हणून राखून ठेवले होते. हवा सुधारली, पाणीपुरवठा आणि स्वच्छतेचे निकष गाठले तर पैसे, असे त्याचे स्वरूप.

यात महत्त्वाचा शब्द आहे ‘नागरी समूह’. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख होती. त्यात मुंबईबरोबर ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येतात. २०२०-२१ साठी हवेच्या गुणवत्तेसाठी राज्यातील सहा शहरे व समूहांना ७९३ कोटी रुपये ठरले, त्यातले ४८८ कोटी या एका समूहासाठी होते. वसई-विरार जनगणनेत स्वतंत्र असल्याने त्याचा वाटा वेगळा धरला गेला.

अनुदान समूहाच्या नावावर आले, तरी खर्च मात्र प्रत्येक पालिकेने आपापल्या हद्दीत करायचा, अशीच पद्धत राहिली तर शेजाऱ्याशी बोलण्याचे कारण उरत नाही. हवा किंवा नदी मोजताना मात्र आकडा सगळ्यांचा मिळूनच येतो.

शहरे एकत्र आल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि ती लांबची नाहीत.

• स्टेम : शहाड-टेमघर पाणीपुरवठा योजना आज एका कंपनीमार्फत चालते. ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद तिच्या भागधारक आहेत. शहाडला पाणी उचलायचे, टेमघरला शुद्ध करायचे आणि ठरलेल्या कोट्याप्रमाणे द्यायचे. मीरा-भाईंदर तर उल्हास नदीपासून दूर आहे, तरीही तिथल्या नळाला हे पाणी पोहोचते.

• पीएमपीएमएल : २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या बससेवा एकत्र झाल्या. तोट्याचा भार पुण्याने ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के उचलायचा, असे सूत्र ठरले. हिश्श्यावरून, मार्गांवरून वाद झाले. पण दोन शहरांदरम्यान प्रवास करणाऱ्याला हद्दीवर बस बदलावी लागत नाही.

दोन्ही ठिकाणी खर्चाचा वाटा, निर्णयाचा अधिकार आणि मिळणारा लाभ आधी कागदावर उतरला. वाद झाला तरी सेवा बंद पडली नाही, कारण भांडण्यासाठी एक ठरलेली जागा होती.

कचऱ्याच्या बाबतीत हे का जमले नाही?

अनेक शहरांसाठी तळोजा परिसरात एकच भरावभूमी करण्याचा प्रस्ताव एमएमआरडीएने मांडला होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर यांच्यासाठी बदलापूरजवळ वालिवली येथे संयुक्त घनकचरा प्रकल्प आखण्यात आला. पाण्याच्या बाबतीत प्रत्येकाला काहीतरी मिळते. कचऱ्याच्या बाबतीत एका गावाला दुसऱ्यांची दुर्गंधी सोसावी लागते. त्यामुळे ज्यांच्याकडे प्रकल्प होणार, त्यांना मोबदला काय, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. ‘शहराचा कचरा आमच्या दारात का?’ असे ग्रामस्थ विचारतात, तेव्हा त्यांच्याशी बोलायला बहुधा ठेकेदार किंवा अधिकारी येतात. ज्या शहराचा कचरा आहे, तिथले नगरसेवक समोर येत नाहीत.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेत १९६२ च्या महामार्ग कायद्याने ५० हजारांहून अधिक लोकसंख्येच्या नागरी भागांत वाहतुकीचे संघीय अनुदान सामायिक नियोजनाशी जोडले. त्यातून शहरांच्या संयुक्त नियोजन संस्था उभ्या राहिल्या. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार ‘कम्यून’, म्हणजे स्थानिक पालिका, आहेत. त्या शेजाऱ्यांसह मोठ्या संयुक्त संस्थांत सामील झाल्या असून या संस्थांना स्वतःचे कर उत्पन्न असते. कचरा, पाणी, वाहतूक यांसारखी कामे त्यांच्याकडे असतात. दोन्हीकडे शहरे केवळ सद्भावनेने एकत्र आलेली नाहीत. अनुदान किंवा कर उत्पन्न संयुक्त नियोजनाशी बांधलेले आहे.

पुढे काय?

डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदांच्या आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. त्यामुळे महानगर नियोजन समितीवर प्रतिनिधी पाठवण्यासाठी लागणारे नगरसेवक पुन्हा उपलब्ध झाले आहेत. समितीची निवडणूक घेऊन तिच्या नियमित बैठका सुरू करणे ही पहिली पायरी ठरेल.

उल्हास खोऱ्यापुरता करार करायचा झाला, तर स्टेम आणि पीएमपीएमएलच्या अनुभवावरून त्यात किमान चार गोष्टी लागतील :

• प्रत्येक पालिका आणि ग्रामपंचायतीचा खर्चातील वाटा; उचललेले पाणी आणि सोडलेले सांडपाणी या दोन्हींवर आधारित
• हद्दीवरच्या प्रत्येक नाल्याच्या पाण्याची तपासणी आणि तिचे आकडे सर्वांसाठी खुले
• नदीकाठच्या आराखड्यातील बदलांवर खालच्या शहराचे मत घेण्याची सक्ती
• वाद झाल्यास निर्णय कोण आणि किती दिवसांत देणार, याची तरतूद

यातले बरेचसे दोन किंवा तीन पालिका सर्वसाधारण सभेत ठराव करूनही सुरू करू शकतात. त्यासाठी नवा कायदा यावा लागत नाही. मोहने आणि शहाडच्या उदंचन केंद्रांना पाणी कुठल्या शहरातून आले, हे कळत नाही. पालिकांच्या अंदाजपत्रकांत मात्र ते आजही वेगवेगळ्या रकान्यांत असते. येत्या अंदाजपत्रकांत ‘उल्हास नदी - संयुक्त खर्च’ असा एक रकाना किती पालिका उघडतात, यावरून सहकार्य भाषणातून व्यवहारात आले की नाही, हे नागरिकांना तपासता येईल.