पाटी, पेन्सिल आणि फुगडी

३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित झाले. केंद्राच्या ‘उल्लास’ योजनेत साक्षरता ९५ टक्क्यांवर गेली, की राज्य पूर्ण साक्षर मानले जाते. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा दर दहांत जेमतेम तीन माणसे साक्षर होती, हे ध्यानात घेता ही मजल लहान नव्हे. पण साठीनंतर अक्षरे गिरवून, परीक्षा देऊन घरी परतलेल्या पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या आजीचे पुढे काय? उतारवयात आलेले अक्षर वापरात राहिले नाही, तर ते हळूहळू पुसट होते.

प्रौढ शिक्षणात करमणुकीला आपण शेवटची पाच मिनिटे देतो. धडा झाला, आता एखादे गाणे होऊ द्या! मला हा क्रमच उलटा वाटतो. मूल शाळेत येते ते आईबाप पाठवतात म्हणून. म्हातारे माणूस आपल्या पायांनी येते आणि मन रमले नाही तर आपल्याच पायांनी निघून जाते. त्याला वर्गात टिकवून धरते ती सोबत.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे शिवजयंतीच्या सुमारास वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखविले, की आपल्यालाही पोथी वाचता आली असती तर बरे झाले असते. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतले आणि ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारीचा गणवेश घालून, खांद्याला दप्तर लावून येऊ लागल्या. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरकाम उरकल्यावरची. अंगणात प्रत्येकीने आपल्या नावाचे झाड लावले. गणवेश आणि झाडे यांना कोणी हौस म्हणेल. मला तर शाळेचा अर्धा प्राण त्यांतच दिसतो. आयुष्यभर कुणाची तरी आई, कुणाची तरी सासू म्हणून ओळखली गेलेली बाई तेथे स्वतःच्या नावाची पाटी झाडावर वाचते.

शिकलेल्यांनाही ही भूक असतेच. फ्रान्समध्ये तुलूझ येथे १९७३ साली निवृत्त लोकांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ निघाले. त्याचे लोण पुढे अनेक देशांत पोचले.

आपल्याकडे यासाठी नवे काही शोधून आणावे लागत नाही. पौषात धालो रंगतात तेव्हा मांडावर बायका समोरासमोर दोन रांगा करतात आणि एकमेकींच्या कमरेभोवती हात गुंफून, वाकत-डोलत गीते म्हणतात. गुडघे दुखणारी आजी फुगडीला बसून टाळ्या देईल, पण धालोंच्या संथ चालीत ती सहज उभी राहते. अशा आज्यांना शेकडो ओळी मुखोद्गत असतात. त्यांतलेच एक गीत त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे, ठळक अक्षरांत कागदाच्या पट्ट्यांवर लिहावे, पट्ट्या मिसळून टाकाव्यात आणि गटागटाने जुळवायला सांगावे. क्रम न बदलता गीत पुढे ठेवले तर आजी पाठ म्हणेल आणि आपल्याला वाटेल की वाचते आहे! पट्ट्या मिसळल्या की नजर अक्षरावर खिळते. चुकले तर हशा पिकतो. तो हशाही हवाच, मात्र तो एकीला एकटी पाडणारा नसावा.

पुरुष मंडळी पाटी हातात घ्यायला अधिक लाजतात. त्यांची वाट भजनातून जाते. आपल्याकडे गावोगावी भजनी मंडळे आहेत आणि कला अकादमीच्या भजन स्पर्धेचे नाव काढले की म्हातारेही सरसावून बसतात. मृदंग वाजविणाऱ्याला अभंगांची वही लिहून ठेवण्याचे काम द्यावे. वर्गाला या म्हटले तर तो येणार नाही, वहीसाठी येईल.

आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी अशा वर्गात जायचे ठरविले, तर एक पथ्य जरूर पाळावे. लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची घरी ठेवून जावे. सत्तर वर्षांच्या माणसाला बालवाडीतले खेळ खेळविणे म्हणजे त्याचा मान घालविणे. पहिल्या दिवशी पाटीआधी चष्म्याची चौकशी करावी. कित्येकदा डोके चालत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा डोळे चालत नसतात.

सहल काढायची तर दूर नको. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पुरे. आजीने दुकानावरच्या पाट्या वाचाव्यात, मिरच्या-सुक्या मासळीचा हिशेब स्वतः कागदावर मांडावा, ओळखीच्या चार बायकांशी बोलावे, चहा घ्यावा. परतताना स्टँडवर उभी असलेली गाडी पेडण्याची की डिचोलीची, हे कंडक्टरला न विचारता गाडीवरची देवनागरी पाटी वाचून तिनेच सांगायचे, आणि मुलांनी तिच्या मागून चढायचे.