गाड्या मोजायच्या की माणसं?

"उड्डाणपूल झाला की कोंडी सुटेल आणि धूरही कमी होईल," हे पुण्यात प्रत्येक नव्या पुलाच्या वेळी ऐकू येतं. पुणे विद्यापीठ चौकातला पूल आठवा. तो उभा असतानाही संध्याकाळी त्या चौकात गाड्या खोळंबत होत्या. पुढे मेट्रोला आणि नव्या दुमजली पुलाला जागा हवी म्हणून 2020 साली तो पाडला.

रस्ता रुंद झाला, की काही दिवस प्रवास सुकर होतो. मग गर्दी टाळणारे लोक पुन्हा गाडी बाहेर काढतात, काही जण लांब घर घेतात आणि रस्ता भरतो. ड्युरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी शहरांवरचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध केला. महामार्गांच्या मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढल्या, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांनी कापलेलं एकूण अंतर वाढलं, असं त्यांना आढळलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट बसच्या समर्थकांनीही नीट ऐकावी अशी आहे: नुसती सार्वजनिक वाहतूक वाढवूनही रस्त्यावरच्या गाड्या घटल्या नाहीत. एक जण बसमध्ये चढला, की त्याची मोकळी जागा दुसरी गाडी घेते. म्हणून बसच्या जोडीला गाडी वापरण्याची आणि उभी करण्याची किंमतही आकारावी लागते. पुणे महापालिकेने 2018 साली पार्किंग धोरण मंजूर केलं, पण अंमलबजावणी रेंगाळली. या शहराचं मोठं नुकसान तिथे झालं, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा समज अधिक लोकप्रिय आहे: "माझी कार इलेक्ट्रिक आहे, म्हणजे प्रदूषण शून्य." कारमधून धूर निघत नाही, हे खरं. चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या फुफ्फुसांसाठी तो मोठाच फायदा आहे. पण आपल्या विजेचा मोठा हिस्सा अजून कोळशातून येतो आणि एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. इलेक्ट्रिक कारला 100 किलोमीटरला साधारण 15 युनिट लागतात, म्हणजे किलोमीटरमागे 105 ग्रॅम. लिटरला 15 किलोमीटर जाणारी पेट्रोल कार सुमारे 150 ग्रॅम सोडते. फरक आहे, पण शून्य नव्हे.

आता साधी डिझेल बस घ्या. लिटरला साडेतीन किलोमीटर धरले, तर ती किलोमीटरमागे पाऊण किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते. आत 40 माणसं असतील तर माणशी 20 ग्रॅमहून कमी. दहाच माणसं असली तरी माणशी 77 ग्रॅम, म्हणजे एकट्याने चालवलेल्या इलेक्ट्रिक कारपेक्षा कमीच. इलेक्ट्रिक स्कूटर मात्र या हिशेबात खरोखर चांगली ठरते. ती किलोमीटरमागे 20 ग्रॅमच्या आसपास राहते आणि दुचाकींच्या पुण्यात ही मोलाची गोष्ट आहे. तरी टायर घासून उडणारे कण आणि रस्त्यावरची धूळ गाडी इलेक्ट्रिक झाल्याने जात नाहीत.

"बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आपल्याकडे चालतच नाही," हा तिसरा समज. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला असा प्रयोग सुरू झाला. पण मार्गिका सलग नव्हती, त्यात खासगी वाहनं घुसत होती आणि थांब्यापर्यंत चालत पोचणं अवघड होतं. अर्धवट केलेल्या कामावरून कल्पनेलाच नापास करणं अन्यायाचं आहे. मार्गिका रिकामी दिसते ती बस लवकर निघून जाते म्हणून. त्या एका बसमधली माणसं कारमध्ये बसवली, तर रांग किती लांब होईल ते डोळ्यांपुढे आणा.

केंद्र सरकारचा उत्तम सेवेचा मापदंड लाख लोकसंख्येमागे 60 बस असा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची वस्ती साठ लाख धरली, तरी 3,600 बस हव्यात. दोन्ही शहरांची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलकडे आहेत सुमारे दोन हजार. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला पुलाबद्दल विचारण्याआधी उरलेल्या बस कधी येणार आणि थांब्यापर्यंतचा पदपथ सलग कधी होणार, हे विचारा.