लिंबावर दिवा लागतो का?

लागतो, पण वाचायला पुरेल इतका नाही. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची तार लिंबात खुपसली की साधारण 0.9 व्होल्ट मिळतात. पांढऱ्या एलईडीला लागतात सुमारे 3. म्हणून चार लिंबं एकसर जोडायची. प्रवाह तरीही मिलिअँपिअरच्या आतच राहतो. ही ऊर्जा लिंबाची नव्हे, झिजणाऱ्या जस्ताची. (ते लिंबू नंतर सरबतात पिळू नका; जस्त त्यात उतरलेलं असतं.)

अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद आणि वर कोळशाची पूड हा घट अधिक दमदार. व्होल्टेज 0.7च्या आसपास, पण प्रवाह लिंबापेक्षा बराच जास्त. कोळशाला हवा मात्र लागू द्या, कारण हवेतला ऑक्सिजनच इथे कामाचा.

बागेत खोचायच्या स्वस्त सौर कंदिलात बहुधा 1.2 व्होल्टचा एकच सेल असतो. आतलं चिमुकलं सर्किट व्होल्टेज वाढवून एलईडी पेटवतं आणि अंधार झाल्याचं पॅनेलवरूनच ओळखतं. 600 मिलिअँपिअर-तासांच्या सेलमध्ये 0.72 वॉट-तास ऊर्जा मावते. 9 वॉटचा बल्ब तिच्यावर पाच मिनिटंही चालणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. कंदिलातला सेल काढून तिथे कोळशाचे दोन घट एकसर जोडा. कोळशाची बाजू धन. पॅनेल हाताने झाकून पाहा. मोबाइलच्या जुन्या लिथियम बॅटरीवर मात्र असले प्रयोग नकोत. ती फोडली तर पेट घेऊ शकते.