तिसरी पायरी

पहाटे ५. लालबागच्या आमच्या चाळीत नळाला पाणी याच वेळी येतं. पिंप भरेपर्यंतचा अर्धा तास माझा: वाटीत पाणी, दोन ब्रश, मांडीवर पाट. आज मात्र रंग काढले नाहीत. सहा चित्रांच्या काचा पुसल्या, जुन्या चादरीत बांधल्या. संध्याकाळी ती गिरगावातल्या खोताच्या वाडीत, एका जुन्या घरातल्या प्रदर्शनात लागायची आहेत.

सकाळी १०. मसाल्याच्या दुकानात माझ्याकडे हिशेब. बेडगीचं पोतं उघडलं की हात थांबतोच. सुरकुतीत ती मिरची जवळजवळ जांभळी असते, लाल दिसते ती फक्त फुगीर पाठीवर. पहिली चार वर्षं मी सावली म्हणून सरळ काळा रंग फासायचे. ती खोड या पोत्याने मोडली. शिकवणी कधी लावली नाही. जे शिकले ते बघून.

दुपारी ४. "काकू, निघा आता, गल्ल्याचं मी बघतो," म्हणत दुकानातल्या पोराने पिशवी हातात दिली. बसने गिरगाव.

दादोबा वामन खोतांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिल्या, त्यातून ही वाडी वसली. आता भोवती टॉवर आहेत, काही घरं गेलीही; उरलेल्यांचे लाकडी जिने बघताना जीव गलबलतो. याच गिरगावात १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला. आजीच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी रविवर्म्याच्या छापाची होती. पाटीवर मी पहिलं काही गिरवलं ते तिचंच कमळ.

"खिळा नको हां बाय, लाकूड जुनं आहे," घरच्या मावशींनी आधीच बजावलं. मग तुळईवरून सुतळी सोडली. याच घराच्या जिन्याची माझी दोन चित्रं शेजारी शेजारी टांगली. जुन्यात फळीन् फळी रेघ मारून काढलेली, जिना गुदमरलेला. यंदाच्यात पायऱ्यांवर कागद कोराच सोडलाय, ऊन तेवढंच. जुनं काढून टाक, असं मैत्रीण म्हणाली. मी ठेवलं. तिथूनच तर आले.

संध्याकाळी ६. वाडीतले एक आजोबा नव्या चित्रापाशी बराच वेळ उभे होते. काचेवर बोट टेकवून म्हणाले, "ही तिसरी. ही करकरते." मी जिन्याकडे गेले, तिसऱ्या पायरीवर पाय दिला. करकरली.

रात्री १०. घरी. कठड्याची सावली आज उतरत्या उन्हात निळी दिसली होती, मी ती तपकिरी केली आहे. पाटावर कागद चिकटवून ठेवला. पाणी पाचला येईल.